घर कितीचं? आधी हप्ता ठरवा

पुण्यातलं एक जोडपं समजू. दोघांचा मिळून हातात येणारा पगार महिना 1 लाख, शिल्लक 18 लाख. मनात भरलाय तो बांधकाम चालू असलेल्या इमारतीतला 60 लाखांचा फ्लॅट.

गैरसमज : वर्षाच्या कमाईच्या पाचपट किमतीचं घर झेपतं.

वस्तुस्थिती : बारा पंचे साठ, हिशेब जमला! पण या ठोकताळ्यात व्याजदर धरलेला नाही, गाडीचा चालू हप्ता नाही, की आईवडिलांच्या औषधांचं बिलही नाही.

गैरसमज : बँकेनं मंजूर केलं, म्हणजे परवडतं.

वस्तुस्थिती : सगळे हप्ते मिळून उत्पन्नाच्या निम्म्यापर्यंत गेले तरी अनेक बँकांना चालतं. 50,000 हप्ता धरला, तर साडेआठ टक्के दरानं 20 वर्षांसाठी सुमारे 57 लाख कर्ज बसतं. पैसे परत येतील की नाही, एवढंच बँक बघते. उरलेल्या 50,000 मध्ये किराणा आणि शाळेची फी कशी भागवायची, हे आपलं आपण बघायचं.

गैरसमज : वीस टक्के जवळ असले की झालं.

वस्तुस्थिती : रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार 30 ते 75 लाखांचं कर्ज घराच्या किमतीच्या 80 टक्क्यांपर्यंतच मिळतं. म्हणजे 12 लाख आपले. शिवाय पुण्यात मुद्रांक शुल्क 7 टक्के, म्हणजे 4 लाख 20 हजार. नोंदणी 30 हजार. बांधकाम चालू असल्यानं 5 टक्के जीएसटी, 3 लाख. बेरीज साडेएकोणीस लाख. शिल्लक इथंच संपली, वर दीड लाख कमीच. पंखे, खिडक्यांच्या जाळ्या, ओट्याखालची कपाटं अजून यायचीच आहेत.

गैरसमज : मुदत वाढवली की मोठं घर परवडतं.

वस्तुस्थिती : 48 लाखांच्या कर्जाची मुदत 20 वरून 30 वर्षं केली, तर हप्ता 41,655 वरून 36,900 वर येतो. महिन्याला पावणेपाच हजार वाचतात. व्याज मात्र 52 लाखांवरून 85 लाखांवर जातं.

गैरसमज : करसवलतीत बरंच भरून निघतं.

वस्तुस्थिती : नव्या करप्रणालीत स्वतः राहत्या घराच्या व्याजावर वजावट नाही. जुन्या प्रणालीत आहे, पण वर्षाला जास्तीत जास्त 2 लाखांची.

मग हिशेब कसा करायचा?

उलटा. आधी हप्ता ठरवा, घराची किंमत शेवटी. घरखर्च, विमा आणि बचत बाजूला काढून 35,000 निघतात, असं धरू. त्यावर सुमारे 40 लाख कर्ज बसतं. शिलकीतले 3 लाख नोकरी गेली किंवा दवाखाना निघाला तर म्हणून हलवायचे नाहीत, उरले 15. एकूण 55 लाख. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या तयार घरावर जीएसटी नाही, त्यामुळे शुल्क आणि नोंदणी वजा जाता 51 लाखांचं घर या जोडप्याच्या आवाक्यात येतं.

साठ लाखांचा फ्लॅट यापेक्षा 9 लाखांनी महाग. एखादी खोली कमी मिळेल कदाचित. पण दर वाढून हप्ता हजार-दोन हजारांनी चढला, तरी किराण्याच्या यादीवर काट मारावी लागणार नाही.