टोमॅटोला रात्र गार हवी

एप्रिल उजाडला की वाचकांच्या पत्रांत एक प्रश्न हमखास येतो. यंदा तो नाशिकहून आला आहे. ‘गच्चीतल्या टोमॅटोला फुलं भरपूर येतात, पण एकही फळ धरत नाही. फुलं देठातून पिवळी पडतात आणि हात लागला की गळतात. काय घालू?’ आजवर काय काय घातलं त्याची यादीही पत्रात आहे: केळीच्या सालींचं पाणी, अंड्याची टरफलं, एप्सम सॉल्ट आणि शेवटी ताक-हिंगाची फवारणी. रोप हिरवंगार आहे, उंचीला कमी नाही. फक्त फळ नाही.

या यादीतलं काहीही आणखी घालू नका. रोप उपाशी नाही. त्याला खुपतंय ते वेगळंच आणि ते दिवसा फारसं दिसत नाही.

मात्र गच्चीतली प्रत्येक फूलगळ ही तक्रार नसते, हे आधी सांगायला हवं. दुधी, काकडी, कारलं यांच्या वेलावर सुरुवातीला येतात ती बहुतेक नर फुलं. ती उमलतात, पराग देतात आणि गळतात. त्यात वेलाचं काही बिघडलेलं नसतं. मादी फुलाच्या मागे इवलंसं फळ आधीपासूनच दिसतं. ते पिवळं पडून गळलं तर परागण झालं नाही असं समजावं आणि हाताने करावं. त्यातही वेळ पाहावी लागते. लाल भोपळा आणि घोसाळं पहाटे-सकाळी उमलतात, तर दुधी आणि दोडका दिवस कलताना. दोडका आणि घोसाळं ही इतकी जवळची भावंडं, पण एकाची वेळ संध्याकाळची आणि दुसऱ्याची सकाळची! सकाळी दहाला ब्रश घेऊन दुधीपाशी जाणाऱ्याच्या हाती मलूल फूल लागतं.

वांग्याचं आणखी निराळं. फूल उलटं धरून मधोमध पाहा. परागकोशांच्या पिवळ्या झुबक्यातून हिरवट दांडी वर डोकावत असेल, तर त्या फुलाला फळ धरण्याची आशा धरावी. दांडी आखूड असेल, परागकोशांच्या आतच दडली असेल, तर ते फूल बहुधा गळणारच. एकाच झाडावर दोन्ही प्रकारची फुलं येतात आणि वांग्याच्या दृष्टीने हे अगदी नेहमीचं आहे.

आता टोमॅटो. त्याचं कोडं ज्याने उलगडलं त्या माणसाचं नाव बागकाम करणाऱ्यांच्या ओठांवर असायला हवं, पण ते नाही. फ्रिट्स वेंट हा डच वनस्पतिशास्त्रज्ञ. १९२६ साली तो उट्रेख्त विद्यापीठात, वडिलांच्याच प्रयोगशाळेत काम करत होता. दिवसा सक्तीची लष्करी सेवा, त्यामुळे प्रयोग रात्री. ओटच्या कोवळ्या कोंबांची टोकं कापून त्याने ती अगरच्या तुकड्यांवर ठेवली. मग टोकं काढून टाकली आणि नुसते अगरचे तुकडे छाटलेल्या कोंबांवर एका बाजूला बसवले. कोंब वाकले! टोकातून काहीतरी अगरमध्ये उतरलं होतं आणि तेच कोंबाला वाढवत होतं. मध्यरात्र उलटून गेल्यावर पोराने वडिलांना उठवून ही बातमी सांगितली. वडिलांनी झोपेतच सांगितलं, की हाच प्रयोग दिवसा पुन्हा कर. खरा असेल तर तेव्हाही जमेल. मला या गोष्टीतला बाप फार आवडतो. वनस्पतींच्या पहिल्या संप्रेरकाचा, ऑक्सिनचा शोध पक्का झाला तो या कामातून.

पुढे वेंट काही वर्षं जावा बेटावर होता आणि १९३३मध्ये अमेरिकेत पॅसाडिनाला, कॅलटेकमध्ये गेला. तिथे त्याने तापमान नेमकं राखता येईल अशी हरितगृहं हाताशी धरून टोमॅटोला एक साधा प्रश्न विचारला: तुला दिवसा किती ऊब हवी आणि रात्री किती? तोवर अभ्यासक दिवसरात्र एकच तापमान ठेवून रोपं वाढवत. वेंटने दिवस आणि रात्र वेगळी काढली. १९४४मध्ये त्याने निष्कर्ष छापला, की रात्रीचं तापमान साधारण १५ ते २० अंश सेल्सिअसमध्ये असेल तेव्हाच टोमॅटोला भरभरून फळं धरतात. रात्र त्याहून थंड किंवा त्याहून उष्ण झाली, की फळधारणा घटते किंवा थांबते. १९४९मध्ये याच कामासाठी कॅलटेकमध्ये एक अख्खी इमारत उभी राहिली. तिच्यात निरनिराळ्या हवामानाच्या खोल्या होत्या आणि रोपं चाकांच्या गाड्यांवर ठेवलेली असत. संध्याकाळ झाली की गाड्या ढकलत रोपांना ‘रात्रीच्या’ खोलीत न्यायचं. रोपांना हवापालटासाठी फिरवणारी ही प्रयोगशाळा मला विसाव्या शतकातल्या विज्ञानाच्या सर्वांत देखण्या कल्पनांपैकी एक वाटते.

वेंटचे दोन शोध आणि त्यांचं भाग्य पाहा. पहिला, ऑक्सिनचा, आज बाटलीत मिळतो. कृषी सेवा केंद्रात ‘फूलगळ थांबवणारं संजीवक’ म्हणून जे मिळतं, त्यात बहुतेकदा एनएए हे कृत्रिम ऑक्सिन असतं. देठाशी फुलाला तोडणारा जो थर असतो, तो तयार होणं ते लांबवतं. काही ऑक्सिन तर परागाशिवायही फळ धरवतात. फेलिक्स गुस्टाफसनने १९३६ सालीच हे दाखवलं होतं. पण उष्णतेने निकामी झालेला पराग कोणतीही बाटली दुरुस्त करत नाही. शिवाय मात्रा जरा चुकली, की पानं वाकडीतिकडी होतात. दुसरा शोध, रात्रीच्या गारव्याचा, फुकट आहे. त्याला विकणारं कोणी नाही, म्हणून तो कोणी सांगतही नाही.

टोमॅटोचं मूळ दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताच्या पश्चिम उतारांवरचं. तिथे दिवसा ऊन असलं तरी रात्री गारवा उतरतो. आपल्याकडे जानेवारीत मुंबईच्या सांताक्रूझलाही रात्रीचा पारा सतरा-अठराच्या आसपास येतो, म्हणून हिवाळ्यात बाल्कनीतसुद्धा टोमॅटो लगडतात. मे महिन्यात मुंबईची रात्र सत्तावीसच्या आसपासच राहते. पुणे-नाशिकला ती बावीस-तेवीस, पण तो झाला वेधशाळेचा आकडा. गच्चीवरची रात्र वेगळी. दिवसभर तापलेला स्लॅब उष्णता साठवून ठेवतो आणि सूर्य मावळल्यावर ती सोडत राहतो. रात्री दहाला अनवाणी गच्चीत उभं राहा, पायाला कळेल. त्या स्लॅबवर काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत उभ्या असलेल्या रोपाची मुळं आणि खालची फुलं त्या उष्णतेतच रात्र काढतात.

नंतरच्या संशोधकांनी वेंटचं म्हणणं थोडं सुधारलं, हेही सांगायला हवं. नॉर्थ कॅरोलायनात मेरी पीट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की एकट्या रात्रीपेक्षा चोवीस तासांची सरासरी जास्त निर्णायक ठरते. सरासरी २५वरून २९ अंशांवर गेली की फळं झपाट्याने कमी होतात. म्हणजे दिवस तापलेला असताना रात्रही निवली नाही, तर हिशेब हाताबाहेर जातो. परागकणांना फूल उमलण्याआधी पिष्टाचा साठा लागतो. फूल उघडण्याच्या साधारण तीन दिवस आधी तो सर्वांत जास्त असतो आणि मग त्याची साखर होते. उष्णतेत हा साठाच नीट जमत नाही. आणि पराग घडण्याची नाजूक वेळ फूल उमलण्याच्या आठवडाभर आधीची असते. आज गळलेलं फूल गेल्या आठवड्यातल्या रात्रींचा हिशेब देत असतं, त्यामुळे काल फवारलेल्या ताकाचा त्याच्याशी संबंध लावणं कठीण आहे.

हे सगळं डोळ्यांनीही पाहता येतं. टोमॅटोचं एक फूल घ्या. पिवळे परागकोश एकमेकांना चिकटून त्यांचा निमुळता शंकू झालेला असतो. पराग या शंकूच्या आतल्या बाजूला सुटतो आणि फूल हललं की मीठदाणीतून मीठ सांडावं तसा टोकाशी खाली येतो. स्त्रीकेसराचं टोक, कुक्षी, शंकूच्या आत असते. पराग तिच्यावर पडतो आणि काम होतं. कडक उन्हाळ्यातल्या फुलात मात्र पुष्कळदा कुक्षीची दांडी लांबते आणि हिरवा ठिपका शंकूच्या बाहेर आलेला दिसतो. पराग आत, कुक्षी बाहेर. भिंगाचीही गरज नाही. असं फूल दिसलं की पत्राचं उत्तर तिथेच मिळतं.

पराग हलवून पाडायचा, तर हलवणारं कोणी हवं. वाऱ्याने थोडं काम होतं. खरं कौशल्य भुंग्याचं. काळाभोर, निळसर पंखांचा भुंगा वांग्याच्या किंवा टोमॅटोच्या फुलाला लटकतो, पंख मिटून घेतो आणि तरीही गुणगुणतो. उडण्याचे स्नायू चालू, पंख बंद, आणि सगळी थरथर फुलात. उडतानाच्या आवाजापेक्षा हा सूर चढा असतो. एकदा कान बसला की पाठ करूनही ओळखता येतो. परागाचा फवारा भुंग्याच्या पोटावर उडतो. मधमाशीला हे जमत नाही. युरोपातल्या हरितगृहांत पूर्वी माणसं विजेच्या कंपकाने एकेक घोस हलवत फिरायची. १९८५च्या सुमारास बेल्जियममधले पशुवैद्य रोलँड दे याँग यांच्या लक्षात आलं, की केसाळ बंबलबी हेच काम कितीतरी छान करते, आणि तो एक मोठा उद्योगच झाला. बंबलबी आपल्याकडे हिमालयात असते. महाराष्ट्राच्या गच्च्यांवर हे काम भुंग्यांचं आणि निळ्या पट्ट्यांच्या छोट्या माश्यांचं. भुंगा वाळक्या लाकडात, सुक्या बांबूत घर करतो. गच्चीच्या कोपऱ्यातला जुना बांबू म्हणून फेकू नका.

थरथरीने पराग सोडणाऱ्या फुलांनी चार्ल्स डार्विनलाही शेवटपर्यंत सोडलं नव्हतं. काही फुलांत दोन तऱ्हांचे परागकोश का असतात, हा प्रश्न त्याने वर्षानुवर्षं उरी बाळगला. १८८२च्या एप्रिलमध्ये जे. ई. टॉड या अमेरिकन अभ्यासकाचा लेख त्याच्या वाचनात आला. विषय होता टोमॅटो-वांग्याच्याच कुळातली एक काटेरी, पिवळ्या फुलांची वनस्पती. १० एप्रिलला डार्विनने टॉडला पत्र लिहून तिचं बी मागितलं, फुलं पाहण्याच्या आणि त्यांवर प्रयोग करण्याच्या आनंदासाठी. १९ एप्रिलला तो गेला. वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, हृदय थकलेलं असताना, त्याला पेरायला बी हवं होतं.

आता पत्रातल्या यादीकडे. अंड्याचं टरफल म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. ते मातीत फार सावकाश विरघळतं आणि फूलगळीशी त्याचा काही संबंध नाही. फळाचा बुडखा काळा पडतो तेव्हा कॅल्शियमचा प्रश्न असतो, आणि तोही बहुतेक वेळा अनियमित पाण्यामुळे. एप्सम सॉल्टमधलं मॅग्नेशियम मुळांशी कॅल्शियमशी स्पर्धा करतं, म्हणून ते उगाच ओतलं तर बुडखा काळा पडण्याचं प्रमाण वाढूच शकतं. नत्राची खतं जास्त झाली तर रोप पानांतच रमतं. ताक-हिंगाला श्रेय मिळतं, त्यामागे कॅलेंडर आहे. मेअखेर कंटाळून फवारणी होते, जूनमध्ये पाऊस येतो, दिवसाचा पारा पाच-सहा अंशांनी उतरतो, सरासरी निवते आणि महिन्याभरात फळं धरतात. फवारणी न केलेलं रोप शेजारी ठेवलं असतं, तर त्यालाही फळं धरलेली दिसली असती.

ते रोप ठेवायला काहीही खर्च येत नाही. एकाच जातीची, एकाच दिवशी लावलेली, सारख्या कुंड्यांतली दोन रोपं. एकाला उपाय, दुसऱ्याला नुसतं पाणी. श्री. अ. दाभोलकर हे गणिताचे शिक्षक. त्यांच्या ‘प्रयोग परिवारा’तून द्राक्षबागायतदारांना त्यांनी हीच सवय लावली: आपल्या झाडाकडे पाहा, मोजा, लिहून ठेवा, एकमेकांना दाखवा. त्यांचं ‘विपुलाच सृष्टी’ गच्चीवाल्यांनीही वाचावं.

नाशिकच्या वाचक भगिनींसाठी एवढंच, की कुंड्या स्लॅबवरून उचलून विटांवर किंवा लाकडी फळीवर ठेवा आणि पश्चिमेच्या भिंतीपासून दूर सरकवा. मातीवर पालापाचोळ्याचा जाड थर द्या. काळ्या पिशवीला बाहेरून पांढरं कापड गुंडाळा. दुपारी सावलीची जाळी वापरत असाल तर संध्याकाळी ती गुंडाळून ठेवा, म्हणजे रोपांवरून उष्णता मोकळी निघून जाईल. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास फुलांच्या घोसाला मागून टिचकी मारा किंवा विजेचा टूथब्रश क्षणभर देठाला लावा. एवढं करूनही मेमध्ये फार आशा ठेवू नका. चेरी टोमॅटो त्यातल्या त्यात सोशिक आहेत. आत्ताचं रोप मात्र उपटू नका; शेंडे छाटून, पाणी सांभाळून ते जगवलं तर पावसाळ्यात पुन्हा धरेल. रिकाम्या कुंड्यांत गवार, भेंडी, चवळी लावा, त्यांना ही उष्णता मानवते. टोमॅटोचं नवं बी गणपतीच्या सुमारास टाका, म्हणजे फुलं येतील ती नोव्हेंबर-डिसेंबरच्या रात्रींत.