सिंधूची जबानी

'एकच प्याला' या नाटकाचें नांव निघालें, कीं घरोघरीं पहिली आठवण होते ती सिंधूची. वास्तविक नाटक सुधाकराचें आहे. हा बुद्धिमान व मानी वकील न्यायालयांतील अपमानानें आणि सनद कांहीं काळ रद्द झाल्यानें खचतो, तळीरामाच्या आग्रहावरून पहिला प्याला घेतो आणि शेवटीं सर्वस्वास मुकतो. तरी पण प्रेक्षक घरीं परततात ते सिंधूसाठीं रडून. तें रडणें नाटककाराला अभिप्रेत होतें तेंच आहे काय, याचा थोडा विचार वाचकांपुढें मांडावा असें आम्हांस वाटतें.

राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजीं सावनेर येथें वारले. वय अवघें ३३ वर्षांचें. नाटक हातावेगळें झालें होतें, पण पदें राहून गेलीं होतीं. तीं विठ्ठल सीताराम गुर्जर यांनीं रचून दिलीं, आणि त्याच वर्षीं २० फेब्रुवारीस गंधर्व नाटक मंडळीनें बडोद्यास पहिला प्रयोग केला. गणपतराव बोडस सुधाकर झाले होते व बालगंधर्व सिंधू. बालगंधर्वांच्या गळ्यानें सिंधूला अमर केलें हें खरेंच. परंतु त्याच गळ्यानें तिच्यावर थोडा अन्यायहि केला असें म्हटल्यास रसिकांनीं रागावूं नये. जी बाई पोटांत अन्न नसतां तान्ह्या मुलाला निजवीत आहे, तिच्या पदाला 'वन्स मोअर' मिळूं लागला, कीं दुःखाची धार बोथट होते आणि गोडी तेवढी उरते.

या गोडीमुळेंच सिंधूला आपण 'सोशीक' या एका शब्दांत गुंडाळून ठेवलें आहे. नाटक पुन्हां वाचून पाहावें. सिंधूचें माहेर श्रीमंत आहे, भाऊ पद्माकर तिला न्यावयास येतो, दार उघडें आहे. ती जात नाहीं. माहेरची मदत नाकारून ती लोकांचें दळण दळते आणि त्या चार पैशांवर संसार रेटते. हें केवळ निमूट सोसणें नव्हे. ही निवड आहे, आणि ती पुनःपुन्हां, डोळे उघडे ठेवून केलेली आहे. मानी सुधाकराचा मान त्यानें स्वतः कधींच धुळीस मिळविला. तो जपण्याचें ओझें ती एकटी वाहते.

तिच्या शेजारीं गडकऱ्यांनीं गीतेला उभें केलें आहे, याकडे फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं. गीता ही तळीरामाची बायको. नवराही तसाच, व्यसनही तेंच. पण हिची जीभ बांधलेली नाहीं. ती भांडते, नवऱ्याला नांवें ठेवते. सभागृह हिच्या बोलण्याला हसतें आणि सिंधूच्या मौनाला रडतें. आमच्या मतें गडकऱ्यांनीं एकाच प्रश्नाचीं दोन उत्तरें समोरासमोर ठेविलीं आहेत, आणि कोणतें बरोबर हें मात्र सांगितलेलें नाहीं. हरदासांनीं आणि पाठ्यपुस्तकांनीं तें परस्पर सांगून टाकलें.

आतां शेवटचा अंक. दारूच्या धुंदींत सुधाकराच्या हातून मूल मरतें व सिंधूवर प्राणांतिक घाव बसतो. फौजदार येतो, आणि मरणाच्या दारांत पडलेली सिंधू त्याला सांगते, कीं हें सारें आपल्याच पडण्यानें झालें. जन्मभर खरें बोललेल्या बाईची ही अखेरची जबानी; आणि ती खोटी.

हिंदुस्थानांत त्या काळीं १८७२ चा पुराव्याचा कायदा चालू होता. मरणाऱ्या मनुष्यानें आपल्या मृत्यूच्या कारणाविषयीं केलेलें कथन शपथेवांचून व उलटतपासणीवांचूनहि त्याच्या कलम ३२ प्रमाणें पुराव्यांत येऊं शके. मरतांना मनुष्य खोटें बोलत नाहीं, हा त्यामागचा जुना विश्वास. एका वकिलाची बायको नेमका तोच विश्वास नवऱ्याचा गळा फांसांतून सोडविण्यासाठीं खर्चीं घालते. कायद्यानें स्त्रीच्या शब्दाला एवढें वजन एकदांच द्यावें, आणि तिनें तें असें वापरावें!

शेक्सपीअरच्या 'ऑथेल्लो'ची येथें आठवण व्हावयाचीच. देवलांनीं तें 'झुंझारराव' म्हणून मराठी रंगभूमीवर आणलेलें होतें. डेस्डिमोनाहि मरतांना नवऱ्याचें नांव घेत नाहीं, सारा दोष स्वतःवर घेते. पण तिचा घात एका संशयानें, एका रात्रींत होतो. सिंधूला वर्षें मिळालीं होतीं. आणि डेस्डिमोनाला मूल नव्हतें.

हा मुलाचा मुद्दा आम्हांस सर्वांत कठीण वाटतो. सिंधूनें स्वतःपुरतें कांहींहि सोसावें, तिचा अधिकार. परंतु पाळण्यांतल्या जीवानें ती निवड केलेली नव्हती. पद्माकराबरोबर ती गेली असती, तर पोर वांचलें असतें. गडकऱ्यांना हें दिसलें नसेल असें मानणें म्हणजे त्यांची बुद्धि कमी लेखणें होय. सिंधूचें मोठेपण गाण्यापुरतेंच नाटक लिहावयाचें असतें, तर मूल जगविणें त्यांच्या हातीं होतें. त्यांनीं तें आईच्या आधीं मारलें.

शिवाय ज्याच्यासाठीं ती खोटें बोलली, त्यालाहि तें खोटें वांचवीत नाहीं. फौजदाराला रिकाम्या हातानें परतावें लागतें. सुधाकर शुद्धीवर येतो, बायकोनें काय केलें हें त्याला कळतें, आणि मग तो दारूंत विष कालवून शेवटचा प्याला स्वतःच्या हातानें ओततो.