पाण्याखालचा कॅमेरा : पैसा कशावर घालावा?

मालवण, तारकर्ली, देवबागच्या किनाऱ्यावर स्कुबा डायव्हिंग हा आज चांगला चालणारा मोसमी धंदा आहे. पावसाळा सरला की पर्यटक येऊ लागतात. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास त्यांना होडीतून नेतात आणि प्रशिक्षकाच्या आधाराने ते काही मिनिटे पाण्याखाली राहून येतात. परत जाताना त्यांच्या हाती उरतो तो फोटो आणि व्हिडिओ. गिऱ्हाईक पैसे मोजते ते बऱ्याच अंशी त्यासाठीच, कारण घरी जाऊन दाखवायला दुसरे काहीच नसते. म्हणून किनाऱ्यावरची होतकरू मुले स्वतःचा कॅमेरा घेऊन या कामात उतरू पाहतात. कोणी घरची बचत घालतो, कोणी आखातातल्या भावाकडून माल मागवतो. अशा मुलांना, तसेच हौसेने डायव्हिंग शिकणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून आज हा विषय घेतला आहे.

दुकानदार आधी मेगापिक्सेल सांगतो. पाण्याखाली त्याला फारशी किंमत नाही. तेथे सगळे तीन गोष्टींवर अवलंबून असते : पाणी आत न शिरणे, उजेड, आणि आपल्याला किती जवळ जाता येते. पैशाची वाटणीही याच हिशेबाने करावी.

पाणी प्रकाशातला तांबडा रंग सर्वांत आधी गिळते. चार-पाच मीटरवरच लाल कपडा मळका दिसू लागतो आणि आणखी खाली तो करडा होतो. आमच्या कापडाच्या धंद्यात जुने लोक सांगत की रंग ट्यूबलाइटखाली पाहू नये, थान दारात नेऊन उन्हात पाहावे. समुद्रात दार नाही, म्हणून उजेडच बरोबर न्यावा लागतो. कॅमेऱ्यात सगळे पैसे संपवून दिवा पुढच्या वर्षी घेऊ म्हणणाऱ्याचे वर्षभराचे फोटो हिरवेनिळेच राहतात.

आता दाबाचा हिशेब. दर १० मीटर खोलीला एका वातावरणाइतका दाब वाढतो, म्हणजे १० मीटरवर तो जमिनीवरच्या दुप्पट होतो. प्रथमच उतरणाऱ्या पर्यटकाला १२ मीटरच्या खाली नेत नाहीत, ही पाडी या आंतरराष्ट्रीय संस्थेची मर्यादा आहे. ओपन वॉटर शिकलेल्याची मर्यादा १८ मीटर. कॅमेऱ्यावर लिहिलेला आकडा या आकड्यांशी ताडून पाहावा आणि मध्ये भरपूर अंतर ठेवावे. तो आकडा नव्या रबराचा असतो, दोन मोसम वापरलेल्या रबराचा नव्हे.

बाजारात प्रामुख्याने चार प्रकारचा माल आहे. पहिला ॲक्शन कॅमेरा. गोप्रोचे मोठे मॉडेल उघडे १० मीटरपर्यंत चालते आणि त्याच्या पाणबंद डबीत, म्हणजे हाउसिंगमध्ये, ६० मीटरपर्यंत. डीजेआयचा २०२४ साली आलेला ॲक्शन ५ प्रो उघडा २० मीटर आणि डबीत ६० मीटरचा आहे. याची भिंग रुंद असते आणि व्हिडिओ उत्तम येतो. मात्र बारीक जीव अगदी जवळून टिपण्याचे काम त्याच्याकडून होत नाही.

दुसरा ऑलिंपसच्या टफ मालिकेतला. तो आता ओएम सिस्टिम या नावाने विकला जातो आणि २०२३ साली त्यातला टीजी-७ आला. मेगापिक्सेल फक्त १२. उघडा १५ मीटर आणि डबीत ४५ मीटर. भिंगेपासून एक सेंटीमीटरवरची वस्तूही तो टिपतो. कोकणच्या खडकांवरचे झिंगे, खेकडे, शिंपल्याविना रंगीत गोगलगायी यांचे फोटो काढण्याची हौस असेल तर या किमतीत याला तोड नाही. शिवाय डबीत पाणी शिरलेच तरी आतला कॅमेराही पाणबंद असल्याने तो बहुधा वाचतो. ही दुहेरी भिंत मला सर्वांत मोलाची वाटते.

तिसरा सोनीच्या आरएक्स१०० सारखा मोठ्या सेन्सरचा छोटा कॅमेरा. चित्र सरस येते, पण तो स्वतः पाणबंद नाही, आणि धातूची चांगली डबी कधी कधी कॅमेऱ्याच्याच किमतीला जाते. एक केस आडवा आला तर दोन्हींचे पैसे बुडाले. नवशिक्याने यात पडू नये.

चौथा सीलाइफ मायक्रो ३.०. याला दारच नाही. कारखान्यातूनच बंद होऊन येतो, ६० मीटरपर्यंत चालतो आणि ६४ जीबी साठा आतच आहे. सांभाळायला सोपा, पण कार्ड काढून गिऱ्हाईकाला देता येत नाही आणि बॅटरी संपली की चार्ज होईपर्यंत थांबावे लागते. दिवसाला अनेक फेऱ्या करणाऱ्याला ही अडचण आहे.

मोबाइल फोनसाठीही ४० मीटरपर्यंतच्या मजबूत डब्या निघाल्या आहेत. हौसेला हरकत नाही. परंतु ज्या फोनवर गिऱ्हाईकांचे पैसे जमा होतात तोच फोन रोज समुद्रात नेणे मला पटत नाही. प्लास्टिकची गळ्यात अडकवायची पिशवी तर डायव्हिंगची वस्तूच नव्हे.

मग घ्यावे काय? हे पाण्यावर ठरते. मालवणचे पाणी अंदमानसारखे नितळ नाही, त्यात गाळ व कण फार. तीन मीटरवरून माणसाचा फोटो काढला तर धुक्यातला वाटतो. उपाय एकच, जवळ जाणे. जवळ जाऊनही माणूस पूर्ण यायचा तर भिंग रुंद हवी. त्यात आणखी एक मेख आहे : सपाट काचेच्या मागे पाण्यात भिंगेची रुंदी सुमारे पाव हिश्श्याने घटते. म्हणून पर्यटकांचे काम करणाऱ्याने रुंद ॲक्शन कॅमेरा घ्यावा, हौशी माणसाने टीजी. टीजीवर माणसे टिपायची असतील तर पाण्यातच बसवता-काढता येणारी रुंद भिंग वेगळी घ्यावी लागते, आणि ती स्वस्त नसते.

दिवा भिंगेच्या शेजारी लावू नये. पाण्यातले कण उजळून फोटोवर पांढरे ठिपके उमटतात, जणू बर्फ पडतो आहे. दोन मुठींची पट्टी घ्यावी, त्यावर लांब दांडी बसवावी आणि दिवा बाजूला नेऊन किंचित बाहेर वळवावा. मुठींमुळे हातही स्थिर राहतो. व्हिडिओला सतत जळणारा दिवा लागतो, फोटोला स्ट्रोब. लाल काचेची फिल्टर उथळ पाण्यात, चांगल्या उन्हात उपयोगी पडते. दिवा लावला की ती काढावी.

डबीच्या दारावरचे रबरी कडे, ज्याला ओ-रिंग म्हणतात, ते चार पैशांचे असते आणि सगळा माल त्याच्या भरवशावर असतो. रेतीचा एक कण पुरेसा होतो. कडे बोटाने काढावे, सुईने नव्हे. कंपनीने सांगितलेले ग्रीस फक्त चमक येईल इतकेच लावावे. जास्त ग्रीस कचरा धरते. पहिली डुबकी डबी रिकामी ठेवून, आत टिश्यू पेपर घालून द्यावी. कागद कोरडा निघाला तरच कॅमेरा बसवावा. डबी होडीवर नव्हे, घरी कोरड्या जागी बंद करावी, म्हणजे आत वाफ धरत नाही. वर आल्यावर बंद डबी गोड्या पाण्यात बुडवून ठेवावी आणि बटणे दाबून मीठ काढावे. सुटी कडी नेहमी जवळ असावीत.

दुबईहून आणणाऱ्यांनी वॉरंटी भारतात लागू आहे का, हे आधी विचारावे. बिल जपून ठेवावे आणि कस्टमची मर्यादा त्या वेळी किती आहे ते पाहूनच खरेदी करावी. येथे घेतला तर पक्के बिल घ्यावे. जीएसटी नोंदणी असलेल्या व्यावसायिकाला धंद्याच्या खरेदीवरील कराची वजावट मिळू शकते. वापरलेली डबी घेताना बिजागरी व काचेच्या कडा उन्हात धरून पाहाव्यात, बारीक तडे तेथेच असतात.

पोहण्यावर आणि तरंगण्यावर पुरता ताबा येईपर्यंत कॅमेरा वरच ठेवावा. पडद्याकडे पाहणाऱ्याचे हवेच्या काट्याकडे दुर्लक्ष होते आणि पाय प्रवाळावर पडतो. खडक बांधणाऱ्या प्रवाळांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. एका फोटोसाठी गुन्हा ओढवून घेऊ नये. गिऱ्हाईकाचा, विशेषतः महिलांचा फोटो विचारल्याशिवाय जाहिरातीत वापरू नये.

जून लागला की बोटी वर येतात. तेव्हा कडी काढून वेगळ्या पिशवीत ठेवावीत, बॅटऱ्या अर्ध्या भरून बाहेर काढाव्यात, आणि भिंगा सिलिका जेल घालून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवाव्यात. कोकणातल्या दमट हवेत बुरशी काचेवरही चढते. सिलिका जेल दर महिन्याला तापवून सुकवावे.