वाहननोंदणीचा पैसा आणि गावचा रस्ता

ग्रामीण भागात नवा रस्ता होणे ही आता अपूर्वाईची गोष्ट राहिलेली नाही. २५ डिसेंबर २००० रोजी प्रधानमंत्री ग्राम सडक योजना सुरू झाली आणि महाराष्ट्रात २०१५ पासून तिला मुख्यमंत्री ग्राम सडक योजनेची जोड मिळाली. बांधकामासाठी योजना असते, अंदाजपत्रक असते, कंत्राट असते, उद्‌घाटनाचा फलकही असतो. प्रधानमंत्री योजनेतील रस्त्याची पहिल्या पाच वर्षांची देखभाल बांधणाऱ्या कंत्राटदारावरच सोपविलेली असते. सहाव्या वर्षी तो रस्ता जिल्ह्यातील इतर शेकडो रस्त्यांच्या रांगेत जाऊन उभा राहतो, आणि तेथे खऱ्या अडचणीस प्रारंभ होतो.

डांबरी रस्ता चाकांनी झिजतो त्याहून अधिक पाण्याने खचतो. साइडपट्टीवर माती व गवत साठून ती उंच झाली की पावसाचे पाणी रस्त्यावरच थांबते. बाजूचा चर बुजला की ते भरावात मुरते. पृष्ठभागावरील बारीक भेगांतून ते खडीच्या थरात उतरते आणि त्यावरून भरलेला ट्रक गेला की खडी सुटते. पहिल्या वर्षी जे काम फावडे, घमेले आणि थोड्या डांबरावर भागले असते, त्यासाठी तीन-चार पावसाळ्यांनंतर मजबुतीकरणाचे स्वतंत्र अंदाजपत्रक करावे लागते. सार्वजनिक बांधकाम खात्याचा मैलकामगार पूर्वी आपल्या वाट्याच्या तुकड्यावर वर्षभर नेमके हेच काम करीत असे. देखभालीस लागणारी रक्कम बांधकामाच्या मानाने लहान असते. परंतु ती दरवर्षी, आणि वेळेवर, हाती यावी लागते.

अशी दरसाल येणारी रक्कम कोणाकडून मिळावी, याचे सहज सुचणारे उत्तर वाहनधारक हे आहे. रस्ता तो वापरतो, आणि वाहन घेताना तो पैसेही भरतो. "आम्ही रोड टॅक्स भरला, मग आमचा रस्ता का होत नाही?" हा प्रश्न ग्रामसभेत वारंवार ऐकू येतो. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर समजून घेण्यासाठी हा पैसा कोठे जातो हे प्रथम पाहिले पाहिजे.

शुल्क आणि कर

नव्या वाहनाच्या नोंदणीच्या वेळी दोन भिन्न रकमा भरल्या जातात. एक नोंदणीशुल्क. त्याचे दर १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाखालील केंद्रीय नियमांनी ठरतात आणि ते फार मोठे नसतात. पंधरा वर्षांनंतर खाजगी मोटारीची नोंदणी पुढे चालू ठेवण्याचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपये करण्यात आले. परंतु त्यामागील हेतू जुनी वाहने रस्त्यावरून कमी व्हावीत हा होता, रस्त्याची डागडुजी हा नव्हता. दुसरी रक्कम मोटार वाहन कराची. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीच्या ५७ व्या नोंदीनुसार हा कर बसविण्याचा अधिकार राज्याचा आहे, आणि २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आल्यानंतरही तो राज्याकडेच राहिला. जकातीसारखी उत्पन्नाची साधने स्थानिक संस्थांच्या हातून गेली असता हे साधन टिकून राहिले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

या दोन्ही रकमा राज्याच्या एकत्रित निधीत जमा होतात. एकदा तेथे गेलेल्या रुपयावर तो मोटारीचा की मुद्रांकाचा अशी खूण राहत नाही. विधानमंडळ अर्थसंकल्पाद्वारे शिक्षण, आरोग्य, पाटबंधारे, रस्ते अशा सर्व कामांना त्यातून तरतूद करते. म्हणजे रोड टॅक्स हा नावापुरताच रस्त्याचा असतो. १९६२ मध्ये राजस्थानातील मोटार वाहन कराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशा करांना रस्त्यांच्या सोयींचा मोबदला मानले खरे. तथापि जमा झालेली रक्कम तंतोतंत त्याच कामी खर्च झाली पाहिजे अशी अट घातली नाही. पुढे ११ नोव्हेंबर २०१६ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने मोबदला-कराची ती कल्पनाच अमान्य केली. तेव्हा कर भरला म्हणून रस्ता मिळालाच पाहिजे, असा कायदेशीर हक्क त्यातून निघत नाही. रस्त्याचा वाटा हवा असेल तर तो कायद्याने अथवा नियमाने वेगळा काढून ठेवावा लागतो.

जुन्या काळची व्यवस्था

हा वाटा पूर्वी स्थानिक पातळीवरच गोळा होत असे. नाक्यावरचा पथकर, बैलगाडीवरील गाडीपट्टी, सायकलचा पत्र्याचा बिल्ला ही सारी त्याची रूपे होत. बिल्ला नसलेली सायकल नगरपालिकेचा शिपाई अडवीत असे, ही आठवण अनेक गावांतील वडीलधाऱ्यांना आजही असेल. मोटारी वाढल्या तशी गावोगावच्या नाक्यांची अडचण होऊ लागली. १९३१ च्या कायद्याने मद्रास प्रांताने पथकर उठवून प्रांतभर एकच मोटारकर ठेवला आणि स्थानिक संस्थांना बुडालेल्या उत्पन्नाची भरपाई दिली. वाहतूक सुकर झाली. मात्र रस्ता ज्याच्या अंगणात आणि पैसा दुसऱ्याच्या पेटीत, अशी फारकतही तेव्हापासूनच पडत गेली.

याच सुमारास बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली १९२७ मध्ये नेमलेल्या समितीने देशभरच्या रस्त्यांचा विचार केला. हेच जयकर पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. रस्त्यांचा भार प्रांत व स्थानिक संस्था यांना एकट्याने पेलणारा नाही, असे समितीने १९२८ च्या अहवालात मांडले आणि पेट्रोलवर गॅलनमागे दोन आणे जादा आकारणी सुचविली. १९२९ मध्ये त्यातून केंद्रीय रस्तानिधी उभा राहिला. वाटपाचे मुख्य माप प्रांतातील पेट्रोलचा खप हे होते. जेथे मोटारी अधिक तेथे पैसा अधिक. २००० च्या केंद्रीय रस्तानिधी अधिनियमाने डिझेलवरील उपकराचा अर्धा भाग ग्रामीण रस्त्यांसाठी राखला, आणि ग्राम सडक योजनेला त्याचा मोठा आधार झाला. पण तोही प्रामुख्याने बांधणीसाठी.

वेगळा निधी टिकतो का?

निधी वेगळा काढला म्हणजे तो वेगळाच राहील असे नाही. ब्रिटनमध्ये १९२० च्या कायद्याने मोटारकराचे उत्पन्न रस्तानिधीत घालण्याची व्यवस्था झाली होती. शिल्लक वाढताच ती डोळ्यांवर आली. अर्थमंत्री विन्स्टन चर्चिल यांनी १९२६ मध्ये त्यातील रक्कम सर्वसाधारण खर्चाकडे वळविली, आणि १९३७ पासून हा कर थेट सरकारी तिजोरीतच जमा होऊ लागला. लोकांच्या बोलण्यात मात्र रोड टॅक्स हे नाव पुढे कायम राहिले. यातून घ्यावयाचा बोध असा की शिल्लक साठविणारा निधी फार काळ सुरक्षित राहत नाही. पैसा येताच ठरलेल्या कामावर खर्ची पडणारा निधी तुलनेने टिकतो.

अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील रीत या संदर्भात अभ्यासण्यासारखी आहे. तेथे शहरांना, गावांना व जिल्हावजा कौंटींना वाहनाच्या वार्षिक नोंदणीवर आपले स्वतंत्र शुल्क बसविता येते. स्थानिक लोक त्याला 'व्हील टॅक्स' म्हणतात. वसुली राज्याचे परिवहन खाते करते. प्रत्येक वाहनामागे १७ सेंट खर्चापोटी ठेवून बाकीची रक्कम त्या त्या संस्थेस पाठविते, आणि ती वाहतुकीच्या कामावरच खर्च करण्याचे कायद्याचे बंधन आहे. मिल्वॉकी शहराने २००८ मध्ये २० डॉलरचे शुल्क सुरू केले व २०२१ मध्ये ते ३० डॉलर केले. वसुलीसाठी नवे कार्यालय नको, नाका नको, आणि पैसा कोठून आला हे नागरिकास पावतीवर दिसते. शुल्क कोणाचे, हे वाहन नेहमी कोठे ठेवले जाते त्यावरून ठरते. मालकाने पत्ता कोणताही दिला तरी गोठा पाहून गाय कोणाची ते ओळखावे, तसाच हा प्रकार.

या पद्धतीत एक मोठा दोष आहे, आणि तो महाराष्ट्राच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा ठरतो. शुल्क सर्वांना सारखे असते आणि ते मोटारी व हलके ट्रक यांवरच बसते. ८,००० पौंडांहून, म्हणजे सुमारे ३.६ टनांहून, जड मालट्रक त्यातून सुटतात. रस्त्याची हानी नेमकी उलट्या दिशेने होते.

हानी कोण करतो?

अमेरिकेतील इलिनॉय राज्यात ऑटवा या गावाजवळ १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर ट्रक सतत फिरवून एक प्रसिद्ध चाचणी घेण्यात आली. रस्त्याची हानी आसावरील भाराच्या सुमारे चौथ्या घातात वाढते, असे तिच्यातून दिसून आले. साध्या गणिताने सांगावयाचे तर भार दुप्पट झाला की हानी सोळापट होते. एक टनाच्या आसाऐवजी दहा टनांचा आस गेला की दहा हजारपट. या हिशेबात मोटारसायकलीचा वाटा जवळजवळ शून्य ठरतो. भारतात जुलै २०१८ मध्ये चार टायरांच्या एका आसावरील मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन करण्यात आली. भार वाढला सुमारे पावणेतेरा टक्के. चौथ्या घाताच्या नियमाने एका फेरीची संभाव्य हानी वाढली साठ टक्क्यांच्या वर. जास्त माल कमी फेऱ्यांत जातो हे मान्य करूनही अरुंद, पातळ थराच्या ग्रामीण रस्त्यास हा भार जड जातो, कारण तो त्या भारासाठी बांधलेलाच नसतो.

साखर कारखान्याच्या परिसरातील रस्ता पाहिला म्हणजे हे पटते. एके काळी बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव खडीचा रस्ता कापीत असे. रबरी टायर आल्यावर तो त्रास कमी झाला. आता हंगामात त्याच रस्त्यावरून दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर आणि उसाचे ट्रक रात्रंदिवस जातात. शेतीच्या ट्रॅक्टरला बहुतेक राज्यांत करातून सूट अथवा सवलत असते. शेतकऱ्याच्या दृष्टीने ती रास्त आहे. पण रस्त्याची भरपाई मग अन्य मार्गाने व्हावयास हवी, हे त्यातून ओघानेच येते. वाळू व खडी वाहणाऱ्या वाहनांची कथा आणखी निराळी. त्यांची नोंदणी एका जिल्ह्यात, खाण दुसऱ्यात, आणि बांधकाम तिसऱ्या जिल्ह्यातील शहरात. नोंदणीच्या ठिकाणी पैसा वाटला तर ज्या गावचा रस्ता मोडला त्याच्या पदरी काहीच पडणार नाही.

महाराष्ट्रापुरता विचार

विस्कॉन्सिनची रीत येथे जशीच्या तशी उचलता येणार नाही, याचे आणखी एक कारण आहे. तेथे नोंदणी दरवर्षी नवी करावी लागते. महाराष्ट्रात खाजगी मोटार व दुचाकी यांचा कर खरेदीच्या वेळी एकरकमी घेतला जातो. वसुलीच्या दृष्टीने ही पद्धत सोयीची आहे. चुकवेगिरी घटते, मालकाची खेपही वाचते. परंतु पंधरा वर्षांच्या वापराचा पैसा पहिल्याच दिवशी येतो आणि त्याच वर्षाच्या अर्थसंकल्पात खर्च होऊन जातो. ते वाहन दहाव्या वर्षी गावच्या रस्त्यावरून धावते तेव्हा त्याच्या नावे तिजोरीत काही शिल्लक नसते. ग्रामपंचायतीने वार्षिक शुल्क बसवावयाचे म्हटले तर ते कोणत्या निमित्ताने व कोणी वसूल करावे, येथेच गाडी अडते. शिवाय बहुतेक गावांत वाहने दुचाकीच अधिक. ज्यांच्यामुळे हानी सर्वांत कमी होते त्यांच्यावरच असा बोजा पडेल.

म्हणून स्थानिक पातळीवर नवे शुल्क बसविण्यापेक्षा राज्याने गोळा केलेल्या वाहनकराचा ठराविक हिस्सा खाली सोपविणे अधिक न्याय्य व व्यवहार्य दिसते. १९९३ मध्ये अमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने त्याची वाट मोकळी करून ठेवली आहे. अनुच्छेद २४३-एच नुसार राज्य विधानमंडळ कायद्याने पंचायतींना कर बसविण्याचा अधिकार देऊ शकते, तसेच राज्याने बसविलेले व वसूल केलेले कर, पथकर अथवा शुल्क पंचायतींकडे सोपवू शकते. हिस्सा किती व कोणत्या मापाने, याची शिफारस करणे हे दर पाच वर्षांनी नेमावयाच्या राज्य वित्त आयोगाचे काम आहे. केरळात स्थानिक संस्थांना आयोगाच्या शिफारशीनुसार स्वतंत्र देखभाल निधी मिळतो आणि त्यात रस्त्यांचा भाग वेगळा दाखविला जातो. बांधकामाच्या निधीतून देखभाल ओढून काढण्याची वेळ त्यामुळे कमी येते.

माप ठरविताना वाहनांची नोंदणी किती, यापेक्षा जिल्हा परिषदेकडे इतर जिल्हा मार्ग व ग्रामीण मार्ग यांची लांबी किती आणि त्यांवर जड वाहतूक किती, याला अधिक वजन मिळावयास हवे. लांबीचे आकडे जिल्हा परिषदेच्या दप्तरी असतात. जड वाहतुकीचे आकडे बहुधा नसतात, आणि मागणी तेथेच लंगडी पडते. गाळपाच्या हंगामात एखादा आठवडा, आणि हंगामाबाहेर एखादा आठवडा, रस्त्याच्या तोंडाशी बसून भरलेल्या व रिकाम्या वाहनांची प्रकारवार मोजणी करणे हे फार खर्चाचे काम नाही. गावची शाळा, तलाठी कार्यालय व ग्रामपंचायत यांनी मनावर घेतल्यास ते होऊ शकते. अशी मोजणी रस्त्याच्या नोंदवहीस जोडलेली असली तर वित्त आयोगापुढे वा जिल्हा नियोजन समितीपुढे जाणाऱ्या निवेदनाला तक्रारीऐवजी हिशेबाचे रूप येते.

हिस्सा मिळाला तरी तो केव्हा हाती येतो याला महत्त्व आहे. मार्चअखेरीस आलेल्या पैशाचे डांबर घाईने टाकले जाते. चर मोकळे करणे, मोऱ्यांतील गाळ काढणे व साइडपट्टी तासून उतार देणे ही कामे मे महिन्याच्या आत उरकावी लागतात. खड्डे भरण्याचे व वरचा थर देण्याचे काम पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबरनंतर, जमीन वाळली म्हणजे करावयाचे. यास्तव देखभालीची रक्कम एप्रिलच्या आरंभी आणि पावसाळ्याच्या अखेरीस अशा दोन हप्त्यांत मिळणे, आणि पहिल्या हप्त्यातून चर व मोऱ्या यांखेरीज अन्य काम न काढणे, अशी अट आदेशातच घालणे इष्ट होईल.