पुस्तक छापताय? आयएसबीएन कोणाच्या नावावर ते आधी विचारा

कोडोली (ता. पन्हाळा) : कवितासंग्रह किंवा गावाचा इतिहास स्वखर्चाने काढायचा, तर कोडोलीतल्या लेखकाला आता कोल्हापूर-पुण्याला खेटे घालावे लागत नाहीत. मोबाइलवरच ‘पॅकेज’ येते. मुखपृष्ठ, छपाई, आयएसबीएन, ऑनलाइन विक्री, सगळे एकत्र. गोम असते करारात.

आयएसबीएन आधी पाहा. राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सी हा क्रमांक मोफत देते आणि लेखक स्वतः ऑनलाइन अर्ज करू शकतो. म्हणजे पॅकेजमध्ये त्याचे पैसे लावले असतील, तर ते फक्त अर्ज भरून देण्याचे. शिवाय कंपनीने क्रमांक स्वतःच्या नावावर घेतला, तर नोंदीत प्रकाशक तीच.

‘१०० टक्के रॉयल्टी’ कशावर?

समजा, किंमत २०० रुपये. विक्रेत्याचे कमिशन ४० टक्के, म्हणजे ८० रुपये. छपाई ९० रुपये. उरले ३०. जाहिरातीतली १०० टक्के रॉयल्टी ती हीच! पॅकेजला ३० हजार मोजले असतील, तर नुसती भरपाई व्हायला हजार प्रती खपायला हव्यात.

‘सर्व हक्क’ या शब्दांपाशी थांबा. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १९ नुसार हक्कांचे हस्तांतर लेखी आणि सहीनिशी लागते. मुदत लिहिलेली नसेल, तर ती ५ वर्षे धरली जाते. पैसे लेखकाचेच असताना हक्क देण्याचे कारणच काय?

मांडणीची आणि मुखपृष्ठाची मूळ फाइल मिळेल, हेही लिहून घ्या. ती नसेल, तर दुसऱ्या आवृत्तीला टाइपसेटिंगचा खर्च पुन्हा पहिल्यापासून.