कोयना वैज्ञानिक खोल विंधन प्रकल्प

कोयना वैज्ञानिक खोल विंधन प्रकल्प हा महाराष्ट्रातील कोयना-वारणा परिसरातील भूकंपांचा त्यांच्या उगमाजवळ जाऊन अभ्यास करण्यासाठी भारत सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने हाती घेतलेला संशोधन प्रकल्प आहे. जमिनीत खोल विंधन विवरे घेऊन तेथील खडक, पाणी, तापमान व दाब यांचे प्रत्यक्ष मापन करणे हे त्याचे उद्दिष्ट आहे. प्रकल्पाचे काम सातारा जिल्ह्यातील कराड येथील विंधनविवर भूभौतिकी संशोधन प्रयोगशाळेमार्फत चालते.

पार्श्वभूमी

पाटण तालुक्यात कोयना नदीवर बांधलेल्या १०३ मीटर उंचीच्या धरणाचा शिवसागर जलाशय १९६० च्या दशकाच्या प्रारंभी भरू लागला. त्यानंतर थोड्याच काळात परिसरात भूकंपाचे धक्के जाणवू लागले. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी ६.३ तीव्रतेचा मोठा भूकंप झाला (काही नोंदींनुसार तीव्रता याहून अधिक होती). त्यात पावणेदोनशेहून अधिक लोक मृत्युमुखी पडले व कोयनानगर उद्ध्वस्त झाले. धरणाच्या उंच भागांना आडव्या भेगा पडल्या. पुढे हे भाग काँक्रीटचे आधार देऊन मजबूत करण्यात आले.

हा भूकंप जलाशयामुळे चालना मिळालेल्या भूकंपांपैकी जगातील सर्वांत मोठा मानला जातो. जलाशयांशी संबंधित भूकंप इतरत्र बहुधा काही वर्षांत थांबतात. कोयनेत मात्र ते पाच दशकांहून अधिक काळ सुरू राहिले असून त्यांपैकी वीसहून अधिक भूकंप ५ किंवा त्याहून अधिक तीव्रतेचे होते. १९८५ मध्ये दक्षिणेकडील वारणा जलाशय भरू लागल्यावर त्या भागातही हालचाल वाढली.

भूकंपांची कारणमीमांसा

सुमारे १०० मीटर खोल पाण्याचा तळावरील दाब वातावरणीय दाबाच्या केवळ दहापट असतो. भूकवचात खोलवर साठलेल्या प्रतिबलाच्या तुलनेत तो फारच कमी आहे. त्यामुळे जलाशय भूकंपाची सर्व ऊर्जा निर्माण करीत नाही. आधीच मोडण्याच्या बेतात असलेल्या खडकाला तो केवळ चालना देतो, असे मानले जाते.

ही चालना दोन प्रकारे मिळू शकते. एक म्हणजे पाण्याच्या वजनाचा प्रत्यक्ष भार. दुसरा प्रकार म्हणजे खडकांतील भेगांतून पसरणारा जलदाब. विभंगाच्या दोन बाजू परस्परांवर घट्ट दाबलेल्या असल्याने त्या सहजी सरकत नाहीत. भेगांतील पाण्याचा दाब वाढला की ही पकड सैल होते व विभंग सरकतो. हा दाब खोलवर पोहोचण्यास वेळ लागत असल्याने जलाशय भरणे आणि भूकंप होणे यांत काही अंतर राहू शकते. कोयनेत भूकंपांचे प्रमाण पावसाळ्यानंतर, तसेच पुढे जलाशयाची पातळी उतरत असताना वाढलेले आढळले आहे. पाण्याची पातळी किती वेगाने वाढते आणि पूर्वीची कमाल पातळी ओलांडली जाते का, यांचाही भूकंपांशी संबंध भूभौतिकशास्त्रज्ञ हर्ष गुप्ता व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिला.

स्थाननिवड

भूकंप सुमारे ३० किमी लांब व २० किमी रुंद इतक्या मर्यादित क्षेत्रात होतात आणि त्यांपैकी बहुतेकांची नाभी १० किमीपेक्षा कमी खोलीवर असते. आसपास भूकंपाचे अन्य सक्रिय क्षेत्र नाही. या कारणांमुळे उगमापर्यंत वेध घेण्यासाठी हा परिसर योग्य ठरला. २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय खंडीय वैज्ञानिक विंधन कार्यक्रमाच्या सहकार्याने प्रकल्पाविषयी कार्यशाळा झाली. त्यानंतर सुमारे १,५०० मीटरपर्यंतची नऊ शोध विवरे घेण्यात आली. त्यांपैकी काहींत भूकंपमापक बसवल्याने पृष्ठभागावरील गोंगाट टळून लहान धक्क्यांचे स्थान अधिक अचूक ठरवता येऊ लागले.

पथदर्शी विवर

गोठणे येथे डिसेंबर २०१६ मध्ये सुरू झालेले पथदर्शी विवर जून २०१७ मध्ये सुमारे ३ किमी खोलीपर्यंत पूर्ण झाले. वरचे सुमारे १.२ किमी जाडीचे थर दख्खन ट्रॅपच्या बेसाल्टचे असून ते सुमारे ६.५ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हापासून बनले आहेत. त्यांच्याखाली २५० ते २७० कोटी वर्षे जुना ग्रॅनाइटी तळखडक आहे. या दोहोंच्या दरम्यान गाळाच्या खडकांचा थर आढळला नाही.

सुमारे ३ किमी खोलीपर्यंत भेगांमध्ये पाणी सापडले व ते मूळचे पावसाचे असल्याचे दिसून आले. पृष्ठभागावरील पाणी ग्रॅनाइटात इतक्या खोलवर फिरते, याचा हा प्रत्यक्ष पुरावा ठरला. विवरातील मापनांवरून येथील खडक मोडण्याच्या सीमेवरील प्रतिबलाखाली असल्याचाही निष्कर्ष निघाला. अशा खडकात प्रतिबलातील किरकोळ बदलही लहान भूकंप घडवू शकतो.

सूक्ष्मजीवशास्त्रीय संशोधन

विवरांतून मिळालेल्या खडकांच्या नमुन्यांवर आयआयटी खरगपूर येथील संशोधकांनी डीएनए विश्लेषण केले. प्रकाश नसलेल्या व अत्यल्प पोषकद्रव्ये असलेल्या बेसाल्ट आणि ग्रॅनाइट खडकांतही जीवाणू व आर्किया यांचे समुदाय असल्याचे त्यातून आढळले.

महत्त्व व मर्यादा

या प्रकल्पापूर्वी कोयनेच्या भूगर्भाविषयीचे बरेचसे ज्ञान पृष्ठभागावरील मापनांवरून काढलेल्या अनुमानांवर आधारलेले होते. विवरांमुळे त्यांची पडताळणी शक्य झाली. मात्र पथदर्शी विवर बऱ्याच भूकंपांच्या नाभीपर्यंत पोहोचत नाही. त्यासाठी अधिक खोल विवराची योजना असून सहा किमी खोलीवर तापमान १३० ते १५० अंश सेल्सिअस असेल, असा अंदाज आहे. भूकंपाची वेळ आधी सांगणे या संशोधनामुळे अद्याप शक्य झालेले नाही. कोयनेचे पाणी वीजनिर्मिती व सिंचनासाठी आवश्यक असल्याने जलाशय रिकामा ठेवणे व्यवहार्य नाही. म्हणून त्याच्या पातळीतील चढउताराचा खोलवर होणारा परिणाम समजून घेणे परिसराच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने महत्त्वाचे ठरते.