एक दात गेला, बिल तीन दातांचं का?

दात पडला की डेंटिस्ट म्हणतात, ‘ब्रिज करू’. आपण मान हलवतो. पण ब्रिजचे पैसे नेमके कशाकशाचे लागतात आणि घरातला मेडिक्लेम त्यातलं किती देतो, हे त्या खुर्चीत बसण्याआधीच माहीत हवं ना?

समजा, टर्फवर खेळताना बॉल थेट तोंडावर आला. किंवा पावसात स्कूटी घसरली आणि समोरचा एक दात गेला. किंवा असं काहीच झालं नाही. बारावीपासून किडलेली दाढ ‘परीक्षा झाल्यावर बघू’ म्हणत तुम्ही ढकलत नेली आणि शेवटी ती काढावी लागली. आता तिथे फट आहे.

पुढचा दात असेल तर आपण दुसऱ्याच दिवशी डॉक्टरकडे धावतो. दाढ असेल तर ‘दिसतंय कुणाला?’ म्हणून विसरून जातो. पण फट तशीच राहिली तर शेजारचे दात हळूहळू तिकडे कलतात. समोरच्या जबड्यातला दात त्या रिकाम्या जागेत उतरायला लागतो. आपण एकाच बाजूने चावायला लागतो. म्हणून डॉक्टर दात बसवायला सांगतात आणि पहिला पर्याय बहुतेकदा ब्रिजचाच असतो.

इथे आपली पहिली फसगत होते. तुम्ही रिसेप्शनवर विचारता, ‘ब्रिजला किती?’ उत्तर येतं, ‘पाच हजार’. तुम्ही घरी फोन करून सांगता, ‘पाच हजार लागतील’. बिल येतं पंधरा हजारांचं. कुणी फसवलेलं नसतं. रेट ‘पर युनिट’ असतो, हे आपल्याला कुणी सांगितलेलं नसतं आणि आपणही विचारलेलं नसतं.

युनिट म्हणजे काय रे भाऊ?

ब्रिज म्हणजे शब्दशः पूलच. पुलाला दोन्ही बाजूंना खांब लागतात. गेलेल्या दाताच्या अलीकडचा आणि पलीकडचा असे दोन दात घासून बारीक करतात आणि त्यांच्यावर कॅप बसवतात. मधला खोटा दात या दोन कॅपना जोडलेला असतो. दोन कॅप आणि एक खोटा दात, झाली तीन युनिटं. शेजारी-शेजारी दोन दात गेले असतील तर साधारण चार. लॅब प्रत्येक युनिटचे पैसे लावते, डॉक्टरही तसंच मोजतात.

आता मटेरियल. आतून धातू आणि वरून सिरॅमिक असलेला ब्रिज सगळ्यात जास्त चालतो. तो साधारण तीन ते आठ हजार रुपये युनिट पडतो. झिर्कोनियाचा ब्रिज दिसायला जास्त नैसर्गिक आणि मजबूत असतो, पण तो आठ हजारांपासून पंधरा-वीस हजारांपर्यंत जातो. शहर, एरिया, डॉक्टर आणि लॅब बदलली की आकडा बदलतो. मेटल-सिरॅमिकमध्ये काही वर्षांनी हिरडीजवळ काळपट रेघ दिसू शकते. पुढच्या दाताला ती खटकते, मागच्या दाढेला कुणी बघत नाही. त्यामुळे ‘महाग तेच चांगलं’ असं दरवेळी नसतं. कुठला दात आहे, त्यावर ठरवा.

हिशेब करून बघू. पाच हजारांचा रेट धरला तर तीन युनिटांचे पंधरा हजार. बाजूच्या एका दाताला रूट कॅनाल करावं लागलं, तर समजा आणखी चार हजार. झाले एकोणीस. एक्स-रे आणि तात्पुरत्या कॅपचे पैसे वेगळे असतील तर तेही मिळवा. हॉस्टेलवर राहणाऱ्या पोरापोरींसाठी ही दोन-तीन महिन्यांची मेस झाली!

बिलात न दिसणारा खर्च

ब्रिजसाठी बाजूचे दोन दात घासतात. ते दात बऱ्याचदा एकदम धडधाकट असतात. दातावरचं कडक आवरण, म्हणजे इनॅमल, एकदा घासलं की परत येत नाही. त्या दातांवर कॅप आता कायमची. शिवाय तुमच्या-आमच्या वयात दाताच्या आतली नस मोठी असते. जास्त घासलं तर तिला इजा होण्याची शक्यता वाढते आणि मग रूट कॅनाल मागे लागतं.

दुसरं, ब्रिज जन्मभर पुरत नाही. नीट काळजी घेतली तर साधारण दहा ते पंधरा वर्षं. चाळिशीत ब्रिज केलेला माणूस आयुष्यात तो एखाद-दोनदा बदलेल. विशीत केलेल्याला पस्तिशीच्या आत-बाहेर तोच खर्च पुन्हा आहे, नंतर परत आहे.

म्हणजे ब्रिज वाईट का? अजिबात नाही. बाजूच्या दातांना आधीच मोठं फिलिंग किंवा रूट कॅनाल असेल, तर त्यांना कॅप तशीही लागणारच असते. तिथे ब्रिज एकदम योग्य. पण बाजूचे दात चांगले असतील तर डॉक्टरांना दोन गोष्टी जरूर विचारा. एक, इम्प्लांट जमेल का? त्याला पैसे जास्त लागतात, पण शेजारच्या दातांना हात लागत नाही. जबड्याची वाढ पूर्ण झाल्यावरच तो करतात, म्हणून वयही विचारात घ्यावं लागतं. दोन, पुढचा दात असेल तर मागून चिकटवायचा ब्रिज चालेल का? त्यात दात फारच कमी घासतात. आणि आत्ता पैसेच नसतील, तर काढता-घालता येणारा एक खोटा दात काही काळ चालवून घेता येतो. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

मेडिक्लेम आहे ना घरी?

‘बाबांच्या पॉलिसीत मी आहे’ हे वाक्य आपण फार विश्वासाने म्हणतो. पॉलिसी उघडून ‘एक्सक्लुजन’चं पान काढा. बहुतेक मेडिक्लेममध्ये तिथे दातांच्या उपचारांचा उल्लेख सापडेल. अपघातामुळे उपचार लागले आणि त्यासाठी हॉस्पिटलमध्ये भरती व्हावं लागलं, तरच पैसे. नाहीतर नाही. किडलेली दाढ काढून केलेला ब्रिज यात बसत नाही, कारण सगळं काम ओपीडीत, खुर्चीवर होतं.

मग स्कूटीवरून पडून दात गेला तर? इथे खरी मेख आहे. अपघात झाला, भरती झालात, जबड्याचे टाके, औषधं, सगळं क्लेममध्ये बसलं. पण ब्रिज त्याच आठवड्यात होत नाही. जखम भरून हिरडी स्थिर व्हायला काही आठवडे, कधी दोन-तीन महिने जातात. पॉलिसीत डिस्चार्जनंतरच्या खर्चाला मात्र मुदत असते. उदाहरण बघा. ‘आरोग्य संजीवनी’ ही पॉलिसी 2020 पासून विमा कंपन्यांनी एकसारख्या नियमांनी विकायची, असं इर्डाने, म्हणजे विमा क्षेत्राच्या नियामकाने ठरवलं. तिच्यात आजार किंवा इजेमुळे लागणारे दातांचे उपचार धरलेले आहेत. पण मूळ पॉलिसी भरतीच्या खर्चाची आहे. डिस्चार्जनंतरचे 60 दिवस मोजतात आणि प्रत्येक क्लेममधले 5 टक्के आपल्याला भरावे लागतात. म्हणून डिस्चार्जच्या वेळीच दात गेल्याची नोंद कागदावर करून घ्या आणि ‘पुढे ब्रिज लागणार आहे, तो क्लेममध्ये बसेल का?’ हे कंपनीला ईमेलवर विचारा. फोनवर मिळालेलं ‘हो हो, होईल’ नंतर कामाला येत नाही.

काही पॉलिसींमध्ये जादा प्रीमियम भरून ओपीडी किंवा डेंटल कव्हर मिळतं. ते घेण्याआधी तीन आकडे बघा. वर्षाला जास्तीत जास्त किती देणार, वेटिंग पिरियड किती आणि जादा प्रीमियम किती. वर्षाची मर्यादा पाच हजार आणि जादा प्रीमियम चार हजार असेल, तर हातात काय राहिलं ते तुम्हीच मोजा. शिवाय त्या कव्हरमध्ये फक्त तपासणी आणि क्लीनिंग आहे की कॅप-ब्रिजही आहे, हेही वाचा.

आणखी एक जागा आपण विसरतो. काही कॉलेजं विद्यार्थ्यांचा गट अपघात विमा काढतात. फीच्या पावतीवर विम्याची ओळ आहे का बघा, ऑफिसात जाऊन त्यात दातांचं काय आहे ते विचारा.

क्लेम नाकारला आणि तो चुकीचा नाकारला असं वाटलं, तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. मुंबई आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत. फी नाही, वकीलही लागत नाही.

अमेरिकेला निघालात?

मास्टर्सला जाणाऱ्यांनी हे नक्की वाचा. तिथे डेंटल इन्शुरन्स बहुतेकदा वेगळा घ्यावा लागतो. अनेक प्लॅन तपासणीचे जवळजवळ सगळे पैसे देतात, फिलिंगचे साधारण 80 टक्के आणि ब्रिजसारख्या मोठ्या कामाचे 50 टक्के. त्यावर वर्षाची मर्यादा असते, बऱ्याचदा 1,000 ते 2,000 डॉलर. काही प्लॅनमध्ये तर पॉलिसी घेण्याआधीच गेलेल्या दाताचा खर्च मिळतच नाही. त्यामुळे फट असेल तर इथेच भरून जा. फक्त फ्लाइटच्या आठवड्यात खुर्चीत बसू नका. माप, लॅब, फिटिंग आणि नंतरची तपासणी यासाठी महिनाभर हाताशी ठेवा.

खिशाला परवडेल असं

मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे शासकीय दंत महाविद्यालयं आहेत, मुंबईत महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय आहे, गोव्यात बांबोळीला आहे. शिवाय राज्यात खासगी डेंटल कॉलेजंही भरपूर आहेत. तिथे शिकणारे डॉक्टर प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात आणि फी खासगी क्लिनिकपेक्षा खूप कमी असते. मात्र फेऱ्या जास्त होतात. एका सीटिंगला अर्धा दिवस जाऊ शकतो. आपल्याकडे पैसे कमी आणि वेळ जास्त असतो, तेव्हा हा सौदा वाईट नाही.

आणि सगळ्यात स्वस्त ब्रिज म्हणजे न लागलेला ब्रिज! अपघातात दात मुळासकट बाहेर आला तर तो फेकू नका. मुळाला हात न लावता वरच्या बाजूने धरा, दुधात ठेवा आणि शक्य तर अर्ध्या-एक तासात डेंटिस्टकडे पोहोचा. तोच दात परत बसू शकतो.

खुर्चीत बसण्याआधी विचारा

• हा रेट युनिटचा की पूर्ण ब्रिजचा? किती युनिटं?
• मटेरियल कोणतं? याच दातासाठी तेच का?
• रूट कॅनाल लागेल का? ते धरून एकूण किती?
• तात्पुरत्या कॅप, एक्स-रे यात आहेत का?
• तुटला किंवा निघाला तर पुन्हा पैसे? वॉरंटी कार्ड असेल तर त्यात नेमकं काय भरून मिळतं?
• बाजूचे दात न घासता दुसरं काही करता येईल का?

हे सगळं एका कागदावर लिहून मागा. असं विचारलं म्हणून चांगला डॉक्टर चिडत नाही. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेण्यातही काही गैर नाही. फटीमुळे एका आठवड्यात काही बिघडत नाही. घासलेला दात मात्र पूर्वीसारखा होत नाही.

आणि आज रात्री जेवताना आई-बाबांना विचारा, ‘आपली पॉलिसी कुठे ठेवलीये?’ एक्सक्लुजनचं पान दोघा-तिघांनी मिळून वाचा. दहा मिनिटं लागतील. तुमचे सगळे दात जागेवर असतील, तर ही दहा मिनिटं आत्ताच काढा.